मदत हवी आहे: वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट का होते, हे आठवीच्या मुलांना कसे समजवावे?

नमस्कार. मी सातवी-आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. सध्या गती, कार्य आणि ऊर्जा हा भाग चालू आहे आणि त्यात एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न इतका रास्त आहे की सूत्रावर बोट ठेवून पुढे जाणे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कार्य म्हणजे बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार, इथपर्यंत मुलांची काही तक्रार नाही. भिंत कितीही रेटली तरी ती हलत नाही, म्हणून भिंतीवर झालेले कार्य शून्य, हेही ती मान्य करतात. अडचण सुरू होते ती गतिज ऊर्जेपाशी, म्हणजे गतीमुळे वस्तूत असलेल्या ऊर्जेपाशी. मी फळ्यावर एक उदाहरण मांडले होते: २ किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी सपाट पृष्ठभागावर स्थिर उभी आहे, घर्षण नाही असे धरले आहे आणि तिच्यावर सतत २ न्यूटन बल लावले जात आहे. तिचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग १ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. पहिल्या सेकंदात गाडी अर्धा मीटर जाते, दुसऱ्या सेकंदात दीड मीटर आणि तिसऱ्यात अडीच मीटर. त्यामुळे त्या त्या सेकंदात झालेले कार्य अनुक्रमे १, ३ आणि ५ ज्यूल भरते आणि गाडीची एकूण ऊर्जा १, ४, ९ अशी वाढत जाते. वेगाच्या वर्गाशी असलेले नाते इथे सूत्राशिवाय, नुसत्या बेरजेतून समोर येते, म्हणून हे उदाहरण मला फार आवडते.

विद्यार्थिनीचा आक्षेप नेमका इथे आहे. तिचे म्हणणे असे की बल तेच, वेळ तेवढाच, वेगात पडलेली भरही तेवढीच. मग दुसऱ्या सेकंदात ढकलणाऱ्याने तिप्पट ऊर्जा दिली असे कशावरून म्हणायचे आणि ही जास्तीची ऊर्जा त्याने आणली कुठून? ‘अंतर जास्त कापले म्हणून’ हे माझे उत्तर तिने ऐकून घेतले, पण तिचे समाधान झाले नाही. तिने लगेच विचारले, की जड पिशवी हातात धरून नुसते उभे राहिले तरी हात भरून येतात आणि तिथे तर अंतर शून्य असते. मग ऊर्जेचा हिशेब अंतरावर करायचा की वेळेवर?

दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे या शंकेचे सूत्रे न वापरता देता येईल असे उत्तर, आणि दुसरी म्हणजे वर्गात साध्या साहित्यानिशी करता येईल असा प्रयोग, ज्यात ‘चौपट’ मुलांना स्वतः मोजता येईल.

प्रतिसाद

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात खरोखर गाजलेला आहे, हे तिला आवर्जून सांगा. गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग धरावे की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर १६८६ साली जर्मन तत्त्वज्ञ व गणिती लाइब्निझ यांनी पहिले माप मानणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मताला आव्हान दिले आणि तो वाद अनेक दशके चालला. आज आपण दोन्ही मापे ठेवतो. बल किती वेळ लावले यावरून संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग या मापातला) बदल कळतो आणि बल किती अंतरभर लावले यावरून ऊर्जेतला. तिने ‘वेळ तेवढाच, वेगातली भर तेवढीच’ असे म्हटले तेव्हा ती अचूकपणे संवेगाबद्दल बोलत होती.

ऊर्जा कुठून आली, हे दाखवण्यासाठी ढकलणारा माणूस बाजूला ठेवा, कारण माणसाचे शरीर हिशेबात गोंधळ घालते. पिशवी धरून उभे राहिल्यावर स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत राहतात, त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. पिशवीला त्यातले काहीच मिळत नाही. तीच पिशवी टेबलावर ठेवली तर टेबल ती कितीही काळ काहीही खर्च न करता पेलून धरते.

माणसाऐवजी गाडीला दोरा बांधा, तो टेबलाच्या कडेवरच्या कप्पीवरून खाली सोडा आणि टोकाला वजन लटकवा. आता गाडी जितकी पुढे जाईल तितकेच वजन खाली उतरेल. पहिल्या सेकंदात ते जेवढे उतरते त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात उतरते, म्हणजे त्याची स्थितिज (उंचीमुळे असलेली) ऊर्जाही तिप्पट कमी होते. जास्तीची ऊर्जा कुठून आली, याचे उत्तर मुलांना त्या खाली गेलेल्या दोऱ्याच्या लांबीत दिसेल. माणूस ढकलत असेल तर त्याला वेग घेतलेल्या गाडीमागे धावत राहून तेच बल लावावे लागते आणि हे प्रत्येक सेकंदाला अवघड होत जाते, हे मुलांनी मैदानावर अनुभवलेले असते.

प्रयोगासाठी उतरती पट्टी वापरा. तिच्यावरून गोटी सोडा आणि पायथ्याशी गुळगुळीत फरशीचा छोटा भाग ठेवून पुढे जाड कापड अंथरा. गोटी आधी एका उंचीवरून आणि मग चौपट उंचीवरून सोडली, तर कापडावर ती साधारण चौपट अंतर जाऊन थांबते. मात्र एवढ्यावर थांबू नका. उंची चौपट म्हणून अंतर चौपट, असे एखादा मुलगा म्हणेल आणि ते बरोबरच असेल; वेग फक्त दुप्पट झाला होता, हे वेगळे मोजून दाखवायला हवे. गुळगुळीत भागाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर संथगतीने चित्रण केले, तर दोन्ही वेळचा वेग काढता येतो. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मर्म त्या मोजणीत आहे. अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स्ग्रावेसांडे यांनी मऊ मातीवर पितळी गोळे टाकून, पडलेल्या खड्ड्यांवरून हाच निष्कर्ष काढला होता.

प्रतिसाद

वाहनाचे उदाहरण दिल्यास एक काळजी घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचे अंतर चौपट होते, एकूण थांबण्याचे अंतर नाही. त्वरण उणे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर १० मीटर प्रति सेकंद वेगाला १० मीटर आणि २० मीटर प्रति सेकंद वेगाला ४० मीटर लागतात. पण ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एक सेकंद जात असेल, तर त्यात आणखी १० आणि २० मीटर मिळवावे लागतात आणि एकूण अंतर २० वरून ६० मीटर, म्हणजे तिप्पट होते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कप्पीची मांडणी याच आठवड्यात करतो. एक शंका अजून येणार, हे मला आत्ताच दिसते आहे. हीच गाडी १० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या बसमध्ये एक सेकंद ढकलली, तर बसमधल्या माणसाच्या मते तिला १ ज्यूल मिळाले. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या मते मात्र तिचा वेग १० वरून ११ झाला, म्हणजे ऊर्जा १०० वरून १२१ ज्यूल झाली. हे वरचे २० ज्यूल कोणाचे?

प्रतिसाद

बसचे. रस्त्यावरून पाहिले तर त्या सेकंदात गाडी साडेदहा मीटर सरकते, म्हणून तिच्यावर झालेले कार्य २१ ज्यूल. त्याच वेळी ढकलणाऱ्याचे पाय बसच्या फरशीला २ न्यूटन बलाने मागे रेटतात आणि फरशी १० मीटर पुढे जाते, म्हणून बसकडून २० ज्यूल काढून घेतले जातात. बसचा वेग कायम राहायचा असेल तर तेवढे इंजिनाला भरून द्यावे लागतात. माणसाच्या वाट्याला दोन्ही हिशेबांत १ ज्यूलच येतो.