मदत हवी आहे: शाई कागदावर फुटते, पण रंग सोडवत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी मराठी शाळेत शिकवते. शाळेचं टाचण आणि रात्रीची घरखर्चाची वही, दोन्ही शाईच्या पेनानेच लिहिते. पेन बाबांचं, एबोनाइटचं (म्हणजे कडक रबराचं), ड्रॉपरने भरायचं. बाबा शाळेत असताना शाईची गोळी पाण्यात विरघळवून दौत भरायचे. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेलं कॅमलिनसुद्धा 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडी-गोळ्यांपासूनच उभं राहिलं.

इतकी वर्षं मी फक्त रॉयल ब्लू वापरली. दिवाळीत भावाने दोन नव्या दौती आणून दिल्या, एक शेवाळी हिरवी आणि एक विटकरी. तेव्हापासून लिहायची ओढच वाढली आहे. विटकरीत काना ओढला की वर फिका नारिंगी दिसतो आणि खाली शाई साचते तिथे गडद तपकिरी होतो. दुधाचा हिशेब लिहितानाही ती ओळ वाळेपर्यंत मी बघत बसते.

आता अडचण. शाळेच्या वहीचा कागद पातळ आहे, त्यावर हिरवी शाई फुटते. 'ध'च्या डोक्यावरची फट बुजून त्याचा 'घ' होतो, 'भ'चा 'म' होतो. परवा मी 'धन' लिहिलेलं मुख्याध्यापिकांनी 'घन' वाचलं. पावसाळी हवेत तर मागच्या पानावरही सगळं उमटतं. वही बदलणं माझ्या हातात नाही.

दुसरं म्हणजे, निळी संपल्यावर पेन एकदाच धुऊन हिरवी भरली, तर दोन दिवसांत पेन अडलं. निबपाशी चिखलासारखा गाळ होता. शिवाय शाई तळाला गेली की लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो, तो वेगळाच. बाबांचं पेन खराब तर करत नाहीये ना मी? याचीच जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद १

ताई, वही बदलता येत नसेल तर शाळेपुरतं पेन बदला. जुन्या ड्रॉपर पेनांतून शाई सढळ येते. बारीक निबचं साधं पेन घ्या आणि त्यात कोरडी, म्हणजे कमी वाहणारी शाई भरा. मी पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक वापरतो, साध्या कागदावरही ती फारशी पसरत नाही. तिच्यात लोहाचा अंश आहे, त्यामुळे लिहिताना निळी दिसते आणि हवा लागून काळपट होत जाते. पाणी सांडलं तरी अक्षर वाचता येतं. फक्त ती पेनात महिनोन् महिने पडू देऊ नका.

प्रतिसाद २

पेन खराब झालेलं नाही, निश्चिंत राहा. दोन शायांचं रसायन जुळलं नाही की असा गाळ धरतो. निब आणि तिच्याखालची, शाई निबपर्यंत आणणारी जीभ रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. तरी रंग येत राहिला तर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि परत साधं पाणी. गरम पाणी अजिबात नको, एबोनाइटचा रंग उतरतो.

थेंबाचं कारण सोपं आहे. शाई कमी झाली की पेनात हवा जास्त राहते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. निम्म्याखाली गेली की लगेच भरत जा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! रात्री निब आणि जीभ वाटीत भिजत घातली होती. सकाळी पाणी गडद निळं झालेलं, हिरव्याचा मागमूस नाही. म्हणजे इतकी जुनी निळी आत बसली होती! पाचव्या पाण्याला नितळ आलं.

आता बाबांच्या पेनात विटकरी भरून ते घरच्या वहीसाठी ठेवते, शाळेसाठी बारीक निबचं घेते. हिरवी शाळेतच वापरायची फार इच्छा आहे. बारीक निबने लिहिल्यावर पातळ कागदावर हिरवी कमी फुटेल का? आणि तिची छटा उरेल का, की सगळं एकसारखं दिसेल? कोणी लिहून बघितलं असेल तर सांगा.