ट्रॅकसाठी टायरमध्ये हवा किती ठेवावी आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) कितपत बदलावे?

होटगी रोडकर
पुढच्या महिन्यात माझी पोलो जीटी घेऊन कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर, जाणार आहे. मागच्या वेळी दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून उतरलो, तर चौथ्या फेरीनंतर गाडी वळणात नाकाने बाहेर जाऊ लागली आणि पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा किसणीवर घासल्यासारख्या झाल्या. इथल्या अलाइनमेंटवाल्याने स्क्रीनवर सगळे हिरवे दाखवले. आता हवा कमी करावी, की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलावा?

सात रस्ता
आधी हवा पाहावी, कारण तिला खर्च नाही. थंड टायरचा आकडा ही केवळ सुरुवात असते. 25 अंशांना 30 पीएसआय असलेला टायर 70 अंशांपर्यंत तापला की 37 च्या आसपास जातो. शिवाय सोलापूरच्या 40 अंशांच्या दुपारी भरलेले 32 तिकडे 22 अंशांच्या सकाळी 29 च्या जरा वर दिसतील, आणि टायर पंक्चर नसेल. म्हणून स्वतःचा गेज सोबत न्यावा, हवा तिथेच सावलीत लावावी आणि तीन-चार फेऱ्यांनंतर पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागी) येताच, टायर निवण्यापूर्वी, पुन्हा मोजावी. टायरच्या खांद्यावरून (रस्त्याला टेकणारा भाग जिथे बाजूकडे वळतो ती कड) बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढावी. ती खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या खालीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे. बरीच वर शाबूत राहिली तर जास्त आहे. रेघ खुणेपाशी थांबूनही कडाच झिजत असेल, तर दोष कॅम्बरचा.

जुना मेकॅनिक
नायट्रोजनच्या नादी लागू नका. तापल्यावर तोही कोरड्या हवेइतकाच फुगतो. त्रास होतो तो कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या ओलाव्याचा.

विजापूर नाका
हिरवा रंग म्हणजे कोन कारखान्याच्या मर्यादेत आहे, एवढेच. ती मर्यादा रस्त्यासाठी असते. पुढच्या चाकांना उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळाला तर वळणात टायर पूर्ण टेकतो, पण त्यासाठी कॅम्बर प्लेट (सस्पेन्शनच्या वरच्या टोकाशी बसणारे, हा कल बदलू देणारे भाग) बसवाव्या लागतील. कॅम्बर हलला की टोही (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) हलतो, त्यामुळे टो शेवटी लावून घ्यावा, आणि तोही चालकाच्या आसनावर तुमच्या वजनाइतके ओझे ठेवून. आम्ही ज्वारीचे पोते ठेवले होते, दुकानदार हसला, पण आकडे बदललेले त्यालाही दिसले. टो-आउटने (चाकांची पुढची बाजू बाहेर वळवल्याने) गाडी वळणात चटकन शिरते हे खरे, तरी तुम्ही सुमारे हजार किलोमीटर त्याच चाकांवर जाणार असल्याने तो शून्यच ठेवा, नाहीतर आतल्या कडा वाटेतच संपतील.

होटगी रोडकर
मग यावेळी गेज आणि खडू एवढेच नेतो, प्लेटचे नंतर पाहू. परतताना हवा वाढवावी का?

सात रस्ता
अवश्य. टायर पूर्ण निवल्यावर स्टिकरच्या आकड्यावर आणा आणि मगच हायवेला लागा.