[मंडळ-चर्चा] तानपुऱ्याला चीर: घरी जोडावी की मिरजेला पाठवावा?

प्रेषक: सध्या धरमपेठ, नागपूर

नमस्कार मंडळी,

घरचा, मिरजेत बनलेला तानपुरा गणेशोत्सवाआधी परदेशातल्या आपल्या मंडळात आणायचा आहे. चार तारांचा, काळी एक या पट्टीतला. भोपळ्याच्या पाठीवर साधारण ११ सेंमीची उभी चीर आहे, केसाएवढी. दांडी भोपळ्याला मिळते तिथे मागच्या बाजूला पॉलिशवर एक आडवी रेघ दिसते. जोडीतल्या (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एका तारेची खुंटी घसरते. तानपुरा कूलरच्या खोलीत होता. फेव्हिकॉल आणि फेव्हिक्विक दोन्ही आणलंय. निघायला दोन आठवडे आहेत. घरी करावं का?

*

प्रेषक: वाद्यसमिती

दोन्ही बाटल्या तूर्त कपाटात ठेव. चीर डोळ्यांत भरते, पण खरी काळजी त्या आडव्या रेघेची आहे.

तारांचा ताण ज्या वाटेने जातो तिथे आपण हात घालायचा नाही. खुंट्या, दांडी, गळ्याचा सांधा (दांडी भोपळ्याला मिळते तो), तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण), घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) आणि खाली लंगोट (तारांची टोकं जिथे अडकवतात ते), ही ती वाट. भोपळ्याच्या पाठीवर ताण कमी येतो, म्हणून तिथली चीर घरी जोडता येते. तीच चीर लंगोटाकडे किंवा गळ्याकडे पोचत असेल तर नाही.

आता रेघ तपास. तारा नेहमीच्या स्वरात असताना झेरॉक्सच्या कागदाची पट्टी (जाडी सुमारे ०.१ मिमी) रेघेत सरकवून बघ. मग घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण कर, कारण घोडी बहुधा तारांच्या दाबावरच उभी असते. चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल कर आणि पुन्हा कागद लाव. ताणात कागद जातो आणि सैल केल्यावर अडतो, म्हणजे सांधा उघडलाय. तारा दांडीला पुढे ओढतात, त्यामुळे सांधा आधी पाठीमागून उघडतो. दोन्ही वेळा कागद जातच नसेल तर तडा फक्त पॉलिशला आहे, त्याकडे दुर्लक्ष कर.

एक फुटी पोलादी पट्टी घोडीशेजारी तबलीवर आडवी ठेवूनही बघ. चांगल्या तबलीला मधे किंचित फुगीरपणा असतो. तिथे खोलगटपणा दिसला तर तबली बसतेय, तेही कारागिराचंच काम.

*

प्रेषक: एक जुने सभासद (मूळचे नागपूरच्या महाल भागातले)

वाद्यसमितीच्या ताईंचं बरोबर आहे, पण मी म्हणतो मे महिन्यात काही चिकटवूच नका भाऊ.

काहून म्हणाल तर लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, आणि भोपळा त्याच्या जोडीनं त्याच मापात हलत नाही. नागपुरात मेच्या दुपारी हवा पार कोरडी. त्याच खोलीत कूलर लावला की ओलसर हवेचा झोत, बंद केला की पुन्हा भट्टी. दिवसातून दोनदा हा खेळ झाला की सांधे बोलणारच. आत्ता चीर सगळ्यात रुंद आहे. ती आत्ता लांबी (पुट्टी) भरून बुजवली तर जुलैत भोपळा फुगेल, भरलेला माल मधे येईल आणि शेजारी नवी चीर पडेल.

आधी वाद्य सुती खोळीत घालून आतल्या खोलीत ठेवा. कूलर नको, एसीचा झोत नको, बाहेरची भिंत नको. साधा आर्द्रतामापक आणा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांमधे राहील असं बघा, पण हळूहळू. ओलं फडकं भोपळ्यावर टाकणं हा उपाय नव्हे. केसाएवढ्या चिरा पुष्कळदा चार-पाच दिवसांत निम्म्या मिटतात.

फेव्हिक्विक पातळ असतं, चिरेत शिरतं, पण कडक होऊन ठिसूळ बनतं आणि पॉलिशवर पांढरट डाग सोडतं. फेव्हिकॉल सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून सांध्याला तर नाहीच. इपॉक्सी उघडता येत नाही. पुढच्या कारागिराला लाकूड तोडावं लागतं. सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) वापरा. तो ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, हाच त्याचा गुण.

*

प्रेषक: वाद्यसमिती

काकांशी सहमत, फक्त जुलैपर्यंत थांबणं शक्य नाही. पाच-सहा दिवस वाद्य निवलं की चीर जोडता येईल, लांबी न भरता.

सरसाचे खडे थंड पाण्यात रात्रभर भिजव. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळव, ६० अंशांच्या आसपास. उकळला तर पकड जाते. दुधाइतका पातळ ठेव. तारा सैल असू देत. चिरेवर सरस लावून कडेला अंगठ्याने हलकेच दाब, सोड, पुन्हा दाब. सरस आत ओढला जातो. वरचा लगेच पुसून टाक, फडकं घट्ट पिळलेलं हवं. स्पिरिट अजिबात नको, चपड्याचं (लाखेचं) पॉलिश त्यात विरघळतं. सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून भोपळ्याभोवती गुंडाळ, चीर मिटेल एवढ्याच घट्ट. भोपळा काही मिलिमीटरच जाड असतो, जास्त आवळलास तर दुसरीकडे फुटेल. २४ तास हलवू नकोस.

खुंटीला खडूची पूड पुरे. सँडपेपर लावलास तर गोलाई जाते आणि ती कायमची घसरते.

*

प्रेषक: सध्या धरमपेठ, नागपूर

कागद तपासला. ताणात सुमारे ३ मिमी आत जातो, सैल केल्यावर अडतो. तबली ठीक आहे. चीर आता जेमतेम दिसते.

*

प्रेषक: वाद्यसमिती

मग सांधा उघडलाय. चीरही जोडू नकोस. सांध्यासाठी कारागीर तबली उतरवेल, तेव्हा चीर आतून कापड लावून पक्की करता येईल, आणि ते काम तुझ्या सरसापेक्षा टिकेल. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून थेट मिरजेला जाते. लगेजला देऊ नकोस, सोबत कोणीतरी हवं. तारा पूर्ण सैल कर आणि घोडी काढून वेगळी बांध. दांडीखाली उशी दे, वजन भोपळ्यावर येऊ देऊ नकोस.

घोडी कशाची आहे तेही विचारून घे. जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असतात, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तशी निघाली तर शिसवीची बसवून जवारी (झंकारासाठी घोडीचा माथा घासून केलेली जुळणी) तिथेच काढून घे. या वर्षीच्या गणपतीत आपण इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावू.