बोटाला ९८ आणि कपाळाला ६४? बाबांच्या ऑपरेशनबद्दल विचारायचंय

खाडीकाठ, रत्नागिरी:
बाबांचा हृदयाचा व्हॉल्व बदलला मागच्या महिन्यात, आता घरी आहेत, बरे आहेत, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आयसीयूत भेटायला सोडलं तेव्हा बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा नेहमीचा चिमटा, त्यावर ९८, आणि कपाळावर डावीउजवीकडे दोन पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांचे आकडे ६४ आणि ६६. माझे हातपायच गळाले, कोविडात ९४ च्या खाली गेलं की आम्ही रिक्षा बोलवायचो हो. सिस्टर "नॉर्मल आहे" म्हणाली आणि पुढच्या बेडकडे गेली. काय भानगड आहे ही?

माडाखाली:
ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन होतो, सांगतो. सिस्टर बरोबर बोलली. दोन्हीकडे उजेडच वापरतात पण मोजतात वेगळं. चिमटा बोटातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड आरपार सोडतो, ऑक्सिजनवालं रक्त लाल उजेड कमी शोषतं, बिनऑक्सिजनचं जास्त, इन्फ्रारेडचं उलटं. त्यातला फक्त ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा भाग तो धरतो, म्हणजे धमनीतलं ताजं रक्त. कपाळाची पट्टी ठोका बघतच नाही. तिचा उजेड कवटीतून आत जाऊन विखुरतो आणि ३-४ सेंमीवरच्या सेन्सरकडे परत येतो, वाटेत धमन्या शिरा सगळं लागतं, पण जास्त करून शिरांतलं, मेंदूने ऑक्सिजन काढून घेतलेलं रक्त. म्हणून आकडा साधारण ६०-७५ च्या घरात. सुरुवातीपेक्षा २० टक्के घसरला की मात्र भूलवाले डॉक्टर धावपळ करतात.
आणि खरी गंमत म्हणजे व्हॉल्वचं ऑपरेशन हार्ट-लंग मशीनवर होतं, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ मशीन करतं, तेव्हा नाडीच लागत नाही, चिमटा गप्प. पट्टी तेवढी चालू असते.

खाडीकाठ, रत्नागिरी:
कवटीतून उजेड?? हाड आहे ना ते

गुहागरी मास्तर:
रात्री कुर्ल्या धरायला बॅटरी घेऊन जाता ना, तिच्यावर बोटं दाबून धरा, लालभडक दिसतात. हिरवा-निळा उजेड रक्त गिळतं, लाल सुटतो, आणि इन्फ्रारेड त्याहून आत जातो, हाडातूनसुद्धा. हे १९७७ साली ड्यूक विद्यापीठातल्या योब्सिस यांनी दाखवलं. चिमट्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७० च्या दशकातली. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे घरोघरी चिमटा पोचत होता तेव्हाच.

मालवणी बोको:
आवशीच्या बोटाक लावलंय तर ८१! घरात रडारड. मगे समाजला, थंड पाण्यात भांडी घासून इल्ली. हात चोळून परत लावलंय तर ९७ 😂 बोटाक मेंदी, नेलपॉलिश असला तरी गडबड करता

खाडीकाठ, रत्नागिरी:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचं एकच, "म्हणजे माझी नाडी बंद होती? आणि हे मला आज सांगताय?" आता आई माझ्यावर चिडलीय.