क्रोमची आवरणे बसवण्यापूर्वी
रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० या मोटारसायकलच्या बोल्टांवर आणि इंजिनवर क्रोमची आवरणे बसवावीत का, असे आपण विचारले आहे. बोल्टांच्या टोप्या निःशंकपणे बसवाव्यात. मात्र सजावटीच्या मुलाम्यात क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो आणि गंजापासून खरे रक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो, त्यामुळे विकत घेताना केवळ चकाकीवर न जाता कडा आणि आतली बाजू नीट तपासावी. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. सिलिंडरच्या फिन्स, म्हणजे त्याच्या बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्या, झाकणारे आवरण कितीही देखणे असले तरी लावू नये, कारण हे इंजिन मुख्यतः त्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्यानेच थंड होते. पावसाळ्यात आवरणांखाली चिखलपाणी साचते, म्हणून अधूनमधून ती काढून आतली जागा पुसून कोरडी करावी.