अनुभव धागा : आपल्या क्लबचं स्टेडियम वाढतंय, वडोदऱ्यात बसून ते काम कसं वाचायचं?

वडोदऱ्यातल्या मराठी फुटबॉलवाल्यांनी इथे आपापली माहिती मांडावी. कुठले कागद बघायचे, कामाचा टप्पा कशावरून ओळखायचा, कुठे फसगत होते, एवढंच लिहा, आणि वर नावाच्या जागी शहरातला आपला भाग टाका. ‘पहिल्यांदा लिव्हरपूल क्लबचं ॲनफिल्ड स्टेडियम पाहिलं तेव्हा’ छापाच्या आठवणी पुन्हा कधीतरी.

सुरुवात ॲनफिल्डपासूनच करतो. मेन स्टँड वाढवल्यावर सप्टेंबर 2016 पासून क्षमता साधारण 54,000 झाली. ॲनफिल्ड रोड स्टँडचं काम 2021 च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं आणि त्यात सुमारे 7,000 जागा वाढल्या. एकूण क्षमता 61,000 च्या वर गेली. पण हे दोन आकडे एका दिवसात जोडले गेले नाहीत, आणि मधल्या काळात काय चाललंय हे फार थोड्यांना कळत होतं.

रावपुरा

कामाचे ड्रोन व्हिडिओ बघण्याआधी कागद बघा. इंग्लंडमध्ये बांधकाम परवानगीचे अर्ज त्या त्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. स्टेडियमचा पत्ता टाकला की अर्ज सापडतो आणि त्याखाली शंभराच्या वर फायली दिसतात. घाबरू नका, चारच उघडा. एक, डिझाइन अँड ॲक्सेस स्टेटमेंट. त्यात वास्तुरचनाकाराने काय केलंय आणि का, ते सोप्या भाषेत असतं. दोन, ‘सेक्शन’ नावाचे नकाशे, म्हणजे स्टँड उभा कापून दाखवलेला. तीन, वाहतुकीचा अहवाल. चार, परवानगीच्या अटी.

या अटी वाचल्याशिवाय तारखांवर बोलूच नये. कुठली अट काम सुरू होण्याआधी पुरी करायची आणि कुठली प्रेक्षक आत घेण्याआधी, हे तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. ॲनफिल्ड रोड स्टँड मागे सरकला म्हणून तो रस्ताच वळवावा लागला. अशी गोष्ट ड्रोनच्या व्हिडिओत नुसती खोदाई म्हणून दिसते, कागदात तिचं कारण कळतं.

मांजलपूर

स्थापत्याच्या बाजूने लिहितो. चालू मोसमात स्टँड वाढवायचा असेल तर जुन्याला हात न लावता त्याच्या पाठीमागे नवा सांगाडा उभा करतात. आधी पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, मग त्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे पाइल कॅप, मग पोलादी खांब. त्यानंतर पायऱ्या जिच्यावर बसणार ती तिरपी तुळई, म्हणजे रेकर. रेकर दिसले की वरच्या मजल्याचा चढ कळतो. मग त्यावर कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या बसवतात. हे काम झपाट्याने होतं आणि इथेच चाहते ‘झालंच आता’ म्हणू लागतात.

मेन स्टँडची खरी कसरत छपराची होती. सुमारे 140 मीटर लांबीचा, 650 टनांचा ट्रस, म्हणजे पोलादाची जाळीदार तुळई, 2015 मध्ये उचलून बसवला. तो एवढा मोठा का? मध्ये खांब नको म्हणून. छपराचा पुढचा भार एका ट्रसवर घेतला की प्रेक्षकासमोर काही येत नाही. जुनं छप्पर काढणं आणि जुना-नवा भाग जोडणं ही कामं मात्र उन्हाळी सुट्टीतच, म्हणजे मे अखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उरकावी लागतात. ही खिडकी चुकली की अख्खा मोसम हातचा जातो. क्रेनला वाऱ्याची मर्यादा असते, त्यामुळे लिव्हरपूलसारख्या समुद्राकाठच्या शहरात ट्रस ‘अमुक दिवशी चढणार’ ही बातमी नेहमी एकदोन दिवस मागेपुढे धरावी.

दांडिया बाजार

वेळेचं कोष्टक. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे, बाकी काळ साडेपाच तास. तिकडचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे साडेसातला किंवा साडेआठला. डिसेंबरात लिव्हरपूलला चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊनंतर साइटच्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही. आपली दुपारी तीन ते रात्री नऊ ही वेळ बरी.

सयाजीगंज

मांजलपूरच्या दादांनी सांगाड्यापर्यंत आणून सोडलंय, तिथून पुढे. खुर्च्या लागल्या म्हणजे स्टँड उघडला असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. इंग्लंडमध्ये 1975 च्या क्रीडांगण सुरक्षा कायद्याखाली स्थानिक प्रशासन प्रमाणपत्र देतं. त्यात लिहिलेला आकडा हीच खरी क्षमता. तो काढताना चार आकडे मांडतात: किती लोक आत येऊ शकतात, किती मावतात, किती बाहेर पडू शकतात, आणि संकटात किती वेळेत निघू शकतात. चारांत जो सगळ्यात लहान, तो धरायचा.

‘ग्रीन गाइड’ नावाच्या मार्गदर्शिकेतली मापं घेऊन 7,000 जागांचा हिशेब करू. एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात आणि सगळे तासाभरात आत यायला हवेत. 7,000 भागिले 660, म्हणजे किमान 11 फाटकं. बाहेर पडताना जिन्याच्या दर मीटर रुंदीला मिनिटाला 66 माणसं आणि वेळ जास्तीत जास्त 8 मिनिटं. म्हणजे एका मीटरमधून 528. सात हजारांना साधारण सव्वातेरा मीटर रुंदीचे जिने लागले. एक जिना तयार नसेल तर त्याच्या वाट्याच्या खुर्च्या कापल्या जातात, मग त्या कितीही चकचकीत असोत. वर अग्निशमनाचा अलार्म, आणीबाणीचे दिवे, घोषणेची यंत्रणा, कॅमेरे हे सगळं तपासून मिळावं लागतं. टॉटनहॅमचं नवं स्टेडियम 2018 च्या सप्टेंबरात उघडायचं होतं. सुरक्षा यंत्रणांतल्या अडचणींमुळे ते 3 एप्रिल 2019 ला उघडलं, तेही आधी दोन चाचणी सामने कमी प्रेक्षकांत घेऊन.

ॲनफिल्ड रोडचं उदाहरण तर अभ्यासावं असं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मुख्य ठेकेदार आर्थिक अडचणीत आला आणि काम थांबलं. मोसम सुरू झाला तेव्हा त्या बाजूला फक्त खालचा मजला भरत होता. लोकांना वाटलं नवा ठेकेदार आणला की दुसऱ्या दिवशी हातोडा चालेल. तसं होत नाही. आधीच्याने काय केलं याची मोजणी करायची, झालेल्या कामाची जबाबदारी कोण घेणार ते ठरवायचं, पोटठेकेदारांशी नव्याने करार करायचे. यात आठवडे जातात आणि कॅमेऱ्यात काहीच हलत नाही. 17 डिसेंबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध वरच्या मजल्याचा काही भाग उघडला, प्रेक्षक 57,158. पुढे 10 फेब्रुवारी 2024 ला बर्नलीविरुद्ध 59,896. क्लबचा 1949 पासूनचा लीग सामन्यातला गर्दीचा विक्रम त्या दिवशी मोडला.

म्हणून सांगतो, काम कुठवर आलं हे बघायचं तर प्रत्येक घरच्या सामन्याचा अधिकृत प्रेक्षक आकडा एका वहीत उतरवा. हा आकडा क्लबच्या घोषणेपेक्षा खरं सांगतो.

कारेलीबाग

बार्सावाल्यांकडून, म्हणजे बार्सिलोनाच्या चाहत्यांकडून. आमच्या कॅम्प नोऊ स्टेडियमवर उलट मार्ग घेतला: मैदान रिकामं करून काम. 28 मे 2023 ला मायोर्काविरुद्ध शेवटचा सामना, मग मुक्काम मोंजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर. वरचा तिसरा मजला पूर्ण पाडून नव्याने बांधायचा असल्यामुळे खाली प्रेक्षक बसवणं शक्यच नव्हतं. क्लबच्या 125 व्या वाढदिवसाला, नोव्हेंबर 2024 मध्ये परतायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात 22 नोव्हेंबर 2025 उजाडलं: ॲथलेटिकविरुद्ध 4-0, प्रेक्षक 45,157.

तिथे नगरपालिकेचा वापर परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. 1-अ मध्ये मुख्य ट्रिब्यून, म्हणजे मुख्य स्टँड, आणि दक्षिणेच्या गोलमागची बाजू, 1-ब मध्ये समोरची लांब बाजू, 1-क मध्ये उत्तरेच्या गोलमागची बाजू. ‘1,05,000’ हा शेवटचा आकडा आहे, तिसरा मजला पुरा झाल्यावरचा. मधल्या काळात कुणी तो आकडा फेकला तर टप्पा विचारा. माझं मत विचाराल तर लिव्हरपूलचा मार्ग संथ असला तरी बरा. परक्या मैदानावर तिकिटाचं उत्पन्नही घटतं आणि घरचा आवाजही.

अलकापुरी

नव्या जागेवरून दिसणार कसं, याचं सूत्र आहे. समोरच्याच्या डोक्यावरून नजर किती वर जाते त्याला सी-मूल्य म्हणतात. 60 मिलिमीटर किमान, 90 चांगलं, 120 उत्तम. समजा डोळ्यापासून जवळच्या टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपर्यंत, आडवं अंतर 30 मीटर, मैदानापासून डोळ्याची उंची 12 मीटर, पायरीची खोली 80 सेंटिमीटर. पायरीची उंची 40 सेंटिमीटर ठेवली तर सी-मूल्य 78 येतं. 45 केली की 127. पाच सेंटिमीटरचा एवढा फरक! पण प्रत्येक ओळीला पाच सेंटिमीटर वाढले की स्टँड उंच होतो, छप्पर वर जातं, पोलाद वाढतं. शिवाय चढ 34 अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत.

वडोदऱ्याजवळ कोटंबीच्या क्रिकेट मैदानावर गेलात तर वरच्या ओळीत बसून सीमारेषा बघा आणि मग फुटबॉलची टचलाइन किती जवळ येईल याचा अंदाज करा. चढ वेगळा का लागतो ते तिथेच कळतं.

फतेगंज

स्टँड उंच झाला की सावलीने गवत मरतं म्हणतात. मग सगळ्यांचंच का मरत नाही?

मांजलपूर

दिशेवर आहे, ताई. डिसेंबरात लिव्हरपूलला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो, आपल्याकडे 44. चाळीस मीटर उंच भिंतीची सावली आपल्याकडे 41 मीटर पडेल, तिकडे 170. म्हणजे दक्षिणेचा स्टँड एकटाच अख्खं मैदान झाकतो. ॲनफिल्ड रोड स्टँड ईशान्येला आहे, त्याची दुपारची सावली मैदानावर नाही, शेजारच्या स्टॅनली पार्ककडे पडते. दक्षिणेकडची बाजू वाढली तर मात्र छपराला पुढे पारदर्शक पत्रे आणि गवतावर उन्हाची उणीव भरून काढणारे चाकांवरचे दिवे, दोन्ही लागतात. त्या दिव्यांची वीज हा कायमचा खर्च आहे.

दांडिया बाजार

सामना बघायला तिकडे जाणाऱ्यांसाठी. टीव्हीसाठी शनिवारचा सामना सोमवारी जाऊ शकतो, तेव्हा बदलता न येणारं विमान तिकीट काढू नका. ब्रिटनच्या व्हिसासाठी आपल्याला अहमदाबादचं केंद्र जवळ. सामन्याचं तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये येतं, म्हणून पॉवर बँक हवीच. वरच्या मजल्यावरची पहिली ओळ छान वाटते, पण तिथे खुर्चीसमोर 80 सेंटिमीटरचा कठडा आणि खुर्च्यांमधल्या वाटेच्या टोकाला 1.1 मीटरचा असतो. वाटेला लागून बसलात तर जवळचा कॉर्नर त्या कठड्याआड जातो. तिसऱ्या-चौथ्या ओळीतली, वाटेपासून चार खुर्च्या आतली जागा मागा.