मदत हवी आहे: म्यूटेक्स धरून कॉपी_टू_यूजर केलं की लॉकडेपची वॉर्निंग

लिनक्स कर्नल ५.१५, कॅरेक्टर ड्रायव्हर. रीडमध्ये डिव्हाइसचा म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा लॉक) घेऊन रिंग बफरमधला डेटा कॉपी_टू_यूजरने (कर्नलमधून प्रोग्रामच्या मेमरीत कॉपी करणारं फंक्शन) देतो. एममॅप (डिव्हाइसची मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांवर जोडणं) हँडलरमध्येही आकार तपासायला तोच म्यूटेक्स लागतो. लॉकडेप (कर्नलमधला, लॉक घेण्याचा क्रम तपासणारा भाग) म्हणतो 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड' आणि साखळीत एममॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरी नकाशाचा लॉक) दाखवतो. तो लॉक माझ्या कोडमध्ये कुठेच नाही आणि मशीनही कधी अडकलेलं नाही. स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारा लॉक) लावला तर सुटेल का? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

वॉर्निंग खरी आहे. कर्नल तुमचं एममॅप हँडलर बोलावतो तेव्हा एममॅप_लॉक राइटसाठी आधीच घेतलेला असतो, आणि हँडलर म्यूटेक्स मागतं. रीडमध्ये क्रम उलटा: म्यूटेक्स हातात, यूजरचं पेज मेमरीत नाही, फॉल्ट (पेज आणून देण्यासाठी कर्नलला मिळणारी हाक) येतो आणि फॉल्ट हँडलर एममॅप_लॉक मागतो. एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड या दोन वाटांनी गेले की दोघेही कायमचे अडकले. तेच ते बफर वापरून टेस्ट केली तर पेज मेमरीतच असतं, म्हणून काही दिसत नाही. अडकलेलं पाहायचं तर मॅलॉक करून हात न लावलेलं मोठं बफर द्या. लॉकडेपला मात्र प्रत्यक्ष फॉल्टची गरज नसते, कॉपी_टू_यूजरमधलं माइट_फॉल्ट त्याला ही शक्यता आधीच कळवतं.

स्पिनलॉक अजिबात नको. फॉल्टमध्ये डिस्कवरून पेज आणावं लागू शकतं, म्हणजे झोपावं लागतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही.

सोपा उपाय: लॉकच्या आधी केमॅलॉकने (कर्नलची मेमरी देणारं फंक्शन) ४०९६ बाइटचं बफर घ्या, लॉकमध्ये फक्त मेमकॉपी करा, लॉक सोडा, मग कॉपी_टू_यूजर.

धागाकर्ता

पण लॉक सोडल्यावर कॉपी फसली तर? टेल (रिंगमध्ये कुठवर वाचून झालं त्याची खूण) तर पुढे गेलेला असेल, तो डेटा गेलाच ना?

प्रतिसाद २

टेल आधी हलवूच नका. रीडरसाठी वेगळा म्यूटेक्स ठेवा, तो एममॅपमध्ये कधीही घ्यायचा नाही. रीडमध्ये आधी तो घ्या, मग डिव्हाइसचा म्यूटेक्स क्षणभर घेऊन हेड (कुठवर लिहून झालं त्याची खूण) वाचा आणि सोडा. टेल हलत नाही तोवर रायटर त्या जागेवर लिहीत नाही, त्यामुळे रिंगमधूनच थेट कॉपी करता येते, मधलं बफरही लागत नाही. कॉपी_टू_यूजर 'किती बाइट राहिले' ते परत देतं. मागितलेल्यातून ते वजा करून तेवढाच टेल पुढे सरकवा, पुन्हा डिव्हाइसचा म्यूटेक्स घेऊन. एकही बाइट गेला नसेल तरच उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर) परत द्या.

व्हीएम_ऑप्समधलं (एममॅप केलेल्या भागासाठी ड्रायव्हर देतो त्या फंक्शनांची यादी) फॉल्ट फंक्शनही तपासा. एखाद्याने याच डिव्हाइसचा एममॅप केलेला पत्ता रीडला बफर म्हणून दिला, तर कॉपीच्या मध्येच तुमचंच फॉल्ट फंक्शन चालतं. तिथे रीडरचा म्यूटेक्स घेतलात तर एकटा थ्रेड स्वतःवरच अडकेल, कारण कर्नलचा म्यूटेक्स त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही. ६.४ पासून आलेल्या पर-व्हीएमए लॉकनेही (मेमरी नकाशाच्या प्रत्येक भागाला वेगळा लॉक) यातून सुटका होत नाही.